जयंत पांडुरंग नाईक

जयंत पांडुरंग नाईक ऊर्फ जे.पी. नाईक (जन्म : ५ सप्टेंबर १९०७, मृत्यू : ३० ऑगस्ट १९८१) हे एक मराठी शिक्षणतज्ज्ञ, संस्थासंस्थापक आणि शैक्षणिक नियोजनकार होते. भारत सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाचे (१९६४–६६, कोठारी आयोग) ते सदस्य-सचिव होते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले सदस्य-सचिव आणि पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणूनही ते ओळखले जातात. प्राथमिक शिक्षणाचे सार्वत्रिकीकरण हा त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय होता. महाविद्यालयीन अध्यापनाची गुणवत्ता आणि विद्यापीठीय अध्यापकांची तयारी या दुर्लक्षित प्रश्नाला राष्ट्रीय धोरणात स्थान मिळवून देण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

पूर्वायुष्य

नाईक यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या गावी झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे असे होते. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी पुढे धारण केले. धारवाड येथे त्यांनी काही काळ गणिताचे अध्यापन केले. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना कारावास भोगावा लागला. सुटकेनंतर त्यांनी धारवाडजवळील उप्पिनबेटगेरी या खेड्यात राहून शिक्षण, आरोग्य व ग्रामसुधारणेचे काम केले. पुढील आयुष्यात त्यांनी मांडलेल्या योजनांचा पाया या अनुभवात आढळतो. १९४० च्या दशकात त्यांनी कोल्हापूर संस्थानात विकासविषयक जबाबदारी सांभाळली.

संस्थात्मक कार्य

१९४८ मध्ये नाईक यांनी मुंबई येथे भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना केली. शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन करणारी ही संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली. शिक्षणाचा अभ्यास केवळ अध्यापनपद्धतींपुरता न ठेवता अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास यांच्याशी जोडावा, ही त्यामागील भूमिका होती. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथील श्री मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा प्रमुख सहभाग होता. पूर्वप्राथमिक वर्गापासून उच्च शिक्षणापर्यंतच्या सोयी ग्रामीण भागातच उपलब्ध करून देण्याचा हा प्रयोग होता. केंद्र सरकारच्या ग्रामीण उच्च शिक्षण योजनेत या संस्थेचा समावेश झाला. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यादेखील नामवंत शिक्षणतज्ज्ञ होत्या. भारतीय शिक्षण संस्थेचे कार्य त्यांनी पुढे चालविले.

शिक्षण आयोग

जुलै १९६४ मध्ये भारत सरकारने विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. २ ऑक्टोबर १९६४ रोजी कामास प्रारंभ झाला आणि २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर करण्यात आला. पूर्वीचे आयोग शिक्षणाच्या एखाद्या स्तरापुरते मर्यादित होते; या आयोगाने मात्र सर्व स्तरांचा एकत्रित विचार केला. कार्यदलांचे नियोजन, साक्षींचे संकलन आणि अहवालाचे लेखन यांचा मोठा भार सदस्य-सचिव या नात्याने नाईक यांच्यावर होता.

विद्यापीठीय अध्यापनाविषयी आयोगासमोर एक मूलभूत विसंगती होती. शाळेतील शिक्षकाला नेमणुकीसाठी प्रशिक्षणाची अट होती. महाविद्यालयातील व्याख्याता मात्र पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होताच वर्गावर उभा राहत असे. विषयाचे ज्ञान असले की शिकविणे आपोआप येते, असे गृहीत धरले जात होते. बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकत. तेथे व्याख्यान, टिपणे आणि वर्षाअखेरची बाह्य परीक्षा हाच क्रम रूढ होता. कुटुंबात प्रथमच महाविद्यालयात पोहोचलेल्या विद्यार्थ्याला या पद्धतीचा सर्वाधिक फटका बसे. कारण वर्गाबाहेर त्याला मार्गदर्शन करणारे कोणी नसे.

आयोगाने यावर परस्परांशी निगडित उपाय सुचविले. औपचारिक व्याख्यानांची संख्या कमी करून तो वेळ ग्रंथालयातील स्वाध्याय, चर्चा व लहान गटांतील मार्गदर्शनासाठी द्यावा. नव्या व्याख्यात्यांसाठी सत्राच्या आरंभी काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग घ्यावेत, त्यांत अनुभवी अध्यापकांनीही सहभागी व्हावे आणि मोठ्या विद्यापीठांनी या कामासाठी कायमस्वरूपी अध्यापक-प्रबोधिनी स्थापन करावी. एकाच अंतिम परीक्षेऐवजी सातत्यपूर्ण अंतर्गत मूल्यमापनाकडे वळावे आणि त्यासाठी अध्यापकांना मूल्यमापनाच्या नव्या तंत्रांची ओळख करून द्यावी. नवागत विद्यार्थ्यांना उद्बोधन, आरोग्यसेवा व समुपदेशन मिळावे. अध्यापकांच्या वेतनश्रेणीत सुधारणा करण्याची शिफारसही याच मांडणीचा भाग होती.

अंमलबजावणी आणि परीक्षण

अहवालाच्या आधारे १९६८ चे राष्ट्रीय शिक्षण धोरण तयार झाले. १०+२+३ हा आकृतिबंध क्रमाक्रमाने देशभर लागू झाला. महाराष्ट्रात त्यानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. निवडक विद्यापीठांना विशेष दर्जा देण्याची शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. वेतनसुधारणा तुलनेने लवकर मार्गी लागली. अध्यापनपद्धती व परीक्षा यांतील बदल रेंगाळले.

स्वतः घडविलेल्या अहवालाचे परखड परीक्षण हे नाईक यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होय. समानता, गुणवत्ता आणि संख्यात्मक वाढ ही तीन उद्दिष्टे एकाच वेळी साधणे भारतीय शिक्षणाला का कठीण जाते, याची मीमांसा त्यांनी १९७५ साली प्रकाशित झालेल्या इंग्रजी ग्रंथात केली. आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा आढावा घेणारा त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास अनेक वर्षे अध्यापक महाविद्यालयांत पाठ्यग्रंथ म्हणून वापरला गेला.

सामाजिक विज्ञान संशोधन परिषद

१९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि नाईक पहिले सदस्य-सचिव होते. १९७८ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. संशोधन अनुदाने, अधिछात्रवृत्ती व प्रादेशिक केंद्रे यांमुळे दिल्ली-मुंबईबाहेरील महाविद्यालयीन अध्यापकांनाही संशोधनाची वाट खुली झाली.

सन्मान आणि वारसा

१९७४ मध्ये भारत सरकारने नाईक यांना पद्मभूषण देऊन गौरविले. युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या जगातील शिक्षणविचारवंतांच्या चरित्रमालेत त्यांचा समावेश आहे.

अध्यापक-प्रबोधिनीची कल्पना प्रत्यक्षात येण्यास आयोगाच्या अहवालानंतर सुमारे दोन दशके लागली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे, मुंबई व नागपूर येथील विद्यापीठांसह देशभर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. त्यांतील उद्बोधन व उजळणी वर्ग अध्यापकांच्या पदोन्नतीशी जोडले गेले. या केंद्रांना २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र आणि २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे नाव मिळाले. ती उभी राहिलेली पाहण्यास नाईक हयात नव्हते.