तेरावा खांब

मॅगझिनच्या मराठी विभागाला यंदा तरी लेख द्या असं संपादक मंडळातल्या मुलांनी मला दोनदा बजावलं. विषय शोधावा लागला नाही. फर्स्ट इयरला अप्लाइड मेकॅनिक्स शिकवताना मी दरवर्षी एका अपघाताचं गणित घालतो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, की सर, पण तिला तर मारलं ना? ती म्हणजे प्रिन्सेस डायना. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तरी रील्समधून आणि द क्राउन बघून तुम्हाला ती माहीत असते, आणि तिच्या मरणातलं कारस्थान तर तिच्याहून जास्त माहीत असतं.

हसू नका. मी स्वतः या पंथाचा जुना वारकरी आहे.

३१ ऑगस्ट १९९७, रविवार. मी तेव्हा इथेच फर्स्ट इयरला होतो. सकाळी टीव्ही रूममधून बातमी आली की पॅरिसमध्ये गाडीला अपघात होऊन डायना गेली. दुपारी फीस्टचं श्रीखंड ताटात पडेपर्यंत आमच्या टेबलावर थिअरी तयार होती. राणीच्या घराण्याने काटा काढला! पुरावा? पुरावा कशाला हवा, एवढी मोठी बाई अशी उगाच मरते का? सगळ्यात मोठा आवाज माझा होता. त्या दिवसापर्यंत मला पॅरिस नकाशात दाखवता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

आता तिचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण थिअरीच्या नादात ते कोणी वाचत नाही.

डायना स्पेन्सरचा जन्म १ जुलै १९६१ चा, इंग्लंडमधल्या नॉरफोकचा. घराणं सरदारांचं, पण घर मोडकं. ती लहान असतानाच आईवडील वेगळे झाले आणि १९६९ मध्ये घटस्फोट झाला. अभ्यासात तिची गत आपल्यातल्या काहींसारखीच होती. शाळेची ओ लेव्हल परीक्षा तिने दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नापास झाली. (केटीवाल्यांनी दिलासा घ्यावा.) मग लंडनमध्ये एका बालवाडीत ती मदतनीस म्हणून काम करू लागली. १९८१ च्या फेब्रुवारीत युवराज चार्ल्सशी साखरपुडा जाहीर झाला आणि २९ जुलैला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये लग्न. टीव्हीवर ते सुमारे ७५ कोटी लोकांनी पाहिलं असा अंदाज सांगितला जातो. तिला नुकतं विसावं सरलं होतं, नवरा बत्तीसचा. १९८२ ला विल्यम झाला, १९८४ ला हॅरी.

संसार जमला नाही. दोष कोणाचा हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण राजवाड्यात कोंडलेल्या त्या बाईने एक गोष्ट केली. १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये एड्सच्या रुग्णाशी तिने हातमोजा न घालता हात मिळवला. स्पर्शाने एड्स होतो असं शिकलेसवरलेले लोकही तेव्हा मानत. त्या एका फोटोने जे काम केलं ते पोस्टरांनी झालं नसतं. १९९२ च्या फेब्रुवारीत ती भारतात आली, ताजमहालासमोरच्या बाकावर एकटी बसली, आणि तो फोटो जगभर छापला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात नवराबायको वेगळे झाल्याची घोषणा पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत केली. २८ ऑगस्ट १९९६ ला घटस्फोट.

नंतरचं तिचं एकच वर्ष, पण मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. जानेवारी १९९७ मध्ये ती अंगोलात गेली आणि हुआंबो गावाजवळ भूसुरुंग काढण्याचं काम चालू होतं तिथे, चिलखती जॅकेट आणि तोंडावर पारदर्शक ढाल लावून, साफ केलेल्या पट्ट्यातून चालली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओटावात भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या. तेव्हा ती नव्हती. २०१९ मध्ये तिचा धाकटा मुलगा हॅरी त्याच जागी गेला, तर तिथे आता वर्दळीचा रस्ता झालेला होता.

आता त्या रात्रीकडे.

डायना आणि डोडी फायद हे पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात होते. हॉटेल डोडीच्या वडिलांचं, मोहम्मद अल फायद यांचं. बाहेर फोटोवाल्यांची झुंबड. त्यांना चुकवायला मागच्या दाराने दुसऱ्याच गाडीतून निघायचं असं त्या रात्रीच ठरलं. गाडी मर्सिडीज एस २८०. चालवायला हॉटेलच्या सुरक्षा विभागाचा उपप्रमुख हेन्री पॉल. तो संध्याकाळीच ड्युटी संपवून गेला होता, त्याला परत बोलावून घेतलं. साडेबाराला काही मिनिटं असताना गाडी पाँ द लाल्मा पुलाजवळच्या भुयारी रस्त्यात शिरली. तिथे रस्ता खाली उतरतो आणि किंचित डावीकडे वळतो. गाडी मधल्या रांगेतल्या तेराव्या खांबावर आदळली. डोडी आणि हेन्री पॉल जागीच गेले. डायनाला पहाटे चारला हॉस्पिटलमध्ये मृत घोषित केलं. पुढच्या सीटवरचा अंगरक्षक ट्रेव्हर रीस-जोन्स जबर जखमी झाला, पण वाचला. चौघांपैकी एकानेही सीटबेल्ट लावलेला नव्हता.

आणि थिअरींचा पाऊस सुरू झाला. अल फायद म्हणाले की डायना गरोदर होती, मुस्लिम घरात लग्न करणार होती, म्हणून प्रिन्स फिलिपच्या हुकुमावरून ब्रिटिश गुप्तहेरांनी मारलं. एका माजी गुप्तहेराने सांगितलं की बोगद्यात झगझगीत प्रकाश टाकून ड्रायव्हरला आंधळं करायची योजना त्याने कागदावर पाहिली होती. मर्सिडीजला एक पांढरी फियाट उनो घासून गेली होती, ती कुठे गेली? ॲम्ब्युलन्सला इतका वेळ का? ड्रायव्हरच्या रक्ताचे नमुने बदलले का? आणि सगळ्यावर कडी म्हणजे डायनाचं पत्र. आपल्याला गाडीच्या अपघातात संपवायचा, ब्रेक निकामी करायचा बेत आहे, असं तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. ते २००३ मध्ये छापून आलं.

हे पत्र वाचलं तेव्हा माझी तर खात्रीच पटली होती. अजूनही मी ते हसण्यावारी नेत नाही. त्या बाईला खरंच भीती वाटत होती. पण त्या भीतीला खतपाणी कोणी घातलं हेही नंतर बाहेर आलं. १९९५ ला बीबीसीवर तिची गाजलेली मुलाखत झाली. ती मिळवण्यासाठी मार्टिन बशीर या पत्रकाराने बँकेची खोटी स्टेटमेंट्स बनवून तिच्या भावाला दाखवली होती, हे २०२१ च्या चौकशी अहवालात नोंदलं गेलं. म्हणजे तिच्याभोवती एक कारस्थान खरोखर होतं. ते मुलाखतीसाठी होतं.

लंडनच्या पोलिसांनी २००४ मध्ये ऑपरेशन पॅजेट नावाने एकेक आरोप तपासायला घेतला. डिसेंबर २००६ चा अहवाल ८३२ पानांचा आहे. गाडीत सांडलेल्या तिच्या रक्ताची तपासणी केली, गरोदरपणाची खूण नाही. हेन्री पॉलचं रक्त डीएनए करून त्याच्या आईशी ताडून पाहिलं, त्याचंच निघालं, आणि त्यात फ्रान्सच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त अल्कोहोल. त्या गुप्तहेराने पाहिलेला कागद दुसऱ्याच एका बाल्कन पुढाऱ्याबद्दलचा होता. ॲम्ब्युलन्सचं म्हणाल तर फ्रान्समध्ये डॉक्टरच गाडीतून येतो आणि जागेवर उपचार करूनच पेशंटला हलवतात. वाटेत तिचं ब्लडप्रेशर पडलं म्हणून गाडी थांबवावीही लागली. तिच्या फुप्फुसाकडून हृदयात येणारी रक्तवाहिनी फाटलेली होती. फियाट मात्र सुटा धागाच राहिली. मर्सिडीजवर तिचा रंग सापडला, रस्त्यावर दिव्याचे तुकडे सापडले, पण कोर्टापुढे ना ती गाडी आली ना तिचा ड्रायव्हर. ज्याला थिअरी हवी त्याला एक धागा पुरतो.

मला कशाने पटलं ते सांगतो. अहवालाने नाही, इतकी पानं कोण वाचतंय! मला पटलं ते माझ्याच गणिताने. खांबावर आदळताना वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होता. हद्द ५० ची. १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. वर्ग करा, दोन जीने भागा. उत्तर ३९ मीटर. म्हणजे तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणं. (तेरावा खांब, तेरा मजले. यावरून नवीन थिअरी काढू नये.) वेग ५० असता तर साधारण तीन मजले. वेग निम्मा केला की ऊर्जा चौथाई होते, हे परीक्षेत सगळे बरोबर लिहितात आणि बाइकवर बसले की विसरतात. गाडीचं नाक चेपून थोडी ऊर्जा खातं, पण मागे बेल्ट न लावता बसलेला माणूस गाडी थांबली तरी त्याच वेगाने पुढे जातो. आणि कट करणाऱ्याच्या बाजूने विचार करा. गाडी कोणती, ड्रायव्हर कोण, दार कोणतं, हे सगळं त्या रात्रीच ठरलेलं. सीटबेल्ट लावणार नाहीत हे कोणाला माहीत? बेल्ट असते तर डायना बहुधा वाचली असती, आणि मग कटाचं काय झालं असतं?

७ एप्रिल २००८ ला लंडनच्या ज्यूरीने नऊ विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की मृत्यू बेदरकार ड्रायव्हिंगने झाला, हेन्री पॉलच्या आणि पाठलाग करणाऱ्या गाड्यांच्याही. त्यानंतर अल फायद यांनी कोर्टाचा नाद सोडला. मुलगा गमावलेला बाप होता तो. त्याचा राग मला समजतो. हेन्री पॉलचे म्हातारे आईवडीलही आपला मुलगा प्यायलेला नव्हता असंच शेवटपर्यंत म्हणत राहिले. तेही समजतं. पण आमचं काय होतं? आम्ही कोण तिचे?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचं कारण डायना नाही.

१९९९ च्या डिसेंबरात आमच्या विंगमधला एक जण रात्री ढाब्यावरून परत येताना हायवेवर गेला. उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. याच्या डोक्यावर हेल्मेट नाही. दोन दिवस आधी गॅदरिंगच्या हिशोबावरून त्याचं एका पोराशी कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्या हॉस्टेलसमोर. तिसऱ्या दिवशी विंगमध्ये कुजबुज सुरू झाली की बाइकच्या ब्रेकची वायर कोणीतरी ढिली केली होती. कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. पहिल्यांदा कोण बोललं आठवत नाही. मी किती खोल्यांमध्ये जाऊन बोललो ते आठवतं. चार.

पोलिसांनी बाइक तपासली. ब्रेक ठीक होते. पण तोवर त्या पोराच्या टेबलावर मेसमध्ये कोणी बसेना. जानेवारीत त्याने हॉस्टेल सोडलं, गावात खोली घेतली. फायनल इयरला आमच्याच बॅचला होता, दोन बाकं पुढे बसायचा. मी त्याच्याशी बोललो नाही. डिग्री घेऊन गेला.

गणित मी वर्गात घालायला लागलो ते नोकरीला लागल्यावर. ताशी ७० धरून त्या ट्रॉलीचंही करून पाहिलं आहे एकदा, घरी. ते वर्गात घालत नाही.

परवा ॲल्युम्नी मीटच्या यादीत त्याचं नाव दिसलं. ऑफिसमधून पत्ता घेतला आहे. हा अंक छापून आला की एक प्रत त्याला पोस्टाने पाठवणार आहे.