केसभराचा फरक : दादासाहेब फाळके

बर्फावर स्केटिंग करणारे खेळाडू बुटाला नवे पाते लावताना सगळे स्क्रू एकदम आवळत नाहीत. आधी मोजकेच स्क्रू लावून ते एका पायावर सरळ घसरून पाहतात. पाय आत किंवा बाहेर ओढला गेला, तर पाते केसभर सरकवतात, पुन्हा घसरून पाहतात आणि मगच उरलेले स्क्रू बसवतात. आमच्या बडोद्यात बर्फ नाही. पण ही रीत मी प्रथम वाचली, तेव्हा मला कलाभवनाचा एक विद्यार्थी आठवला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते बडोद्यास आले आणि 1890 साली कलाभवनात दाखल झाले. चित्रकला, छायाचित्रण व ठसे बनविण्याचे काम ते येथे शिकले. प्राध्यापक गज्जर यांनी त्यांना संस्थेची प्रयोगशाळा वापरू दिली. रंगीत छपाईत एकाच चित्राचे निरनिराळ्या रंगांचे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. एक ठसा जरा सरकला की चेहऱ्याला दोन कडा दिसतात. आधी एक कागद छापून पाहावयाचा, ठसा सरकवावयाचा, मग पुढे जावयाचे, हा त्या धंद्याचा पहिला धडा होय.

आयुष्याने मात्र त्यांना अशी सवलत दिली नाही. गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असता 1900 च्या प्लेगात पत्नी व मूल दगावले. पुढे पुरातत्त्व खात्याची नोकरी त्यांनी सोडली, आणि भागीदारांशी न पटल्याने हाताने उभारलेला छापखानाही सोडावा लागला. चाळिशी उलटल्यावर मुंबईत येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहून त्यांनी नवी वाट धरली. चित्रपट पाहण्याच्या अतिश्रमाने काही काळ दृष्टी गेली. ती परत येताच विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली ते लंडनला गेले.

तेथून त्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आणले, कारण कोरी फिल्म भोकांवाचून येत असे. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोके लागत. ती एका रेषेत व सारख्या अंतरावर नसतील, तर पडद्यावर चित्र थरथरते किंवा फिल्म फाटते. अंधाऱ्या खोलीत हे काम त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करीत. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3,700 फुटांचा होता. फुटाला 16 चौकटी धरल्या, तर एका प्रतीची भोके पावणेपाच लाखांच्या घरात जातात! बाईंचे दागिनेही या कामी लागले.

एवढा पैसा पणाला लावण्यापूर्वी फाळक्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना टिपून एक लहानसा चित्रपट केला. यंत्र, फिल्म आणि स्वतःचा हात यांची ती परीक्षा होती. ते इवलेसे रोप पडद्यावर वाढलेले पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांना आपण स्वप्नाळू माणूस म्हणून गौरवितो. मला मात्र कलाभवनावरून जाताना ठसा केसभर सरकवून पुन्हा कागद छापून पाहणारा विद्यार्थी दिसतो. स्वप्ने पुष्कळांनी पाहिली असतील. ती रेषेत आहेत की नाहीत, हे स्क्रू आवळण्यापूर्वी त्याने तपासले.