नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, इ.स. १८६१ – ९ मे, इ.स. १९१९) हे मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि संपादक होते. ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळात केशवसुतांच्या समकालीन कवींमध्ये त्यांची गणना होते. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख आजही रूढ आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारणे म्हणजे युरोपीय राहणी स्वीकारणे नव्हे, हा विचार त्यांनी लेखनातून मांडला आणि स्वतःच्या आचरणातून पाळला.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणीच आई जानकीबाई यांचे निधन झाले. वडील कडक स्वभावाचे असल्याने ते लहान वयात घराबाहेर पडून नाशिकला आले. तेथे त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. इ.स. १८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. टिळकांनी शिक्षकी, कीर्तन, पुराणकथन असे अनेक व्यवसाय केले, परंतु ते एका ठिकाणी फार काळ टिकले नाहीत. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ऋषी हे मासिक चालविले.

धर्मांतर

इ.स. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचावयास दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. जातिभेद न मानणाऱ्या धर्माचा शोध ते आधीपासूनच घेत होते. १० फेब्रुवारी, इ.स. १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी त्यांनी परदेशी मिशनऱ्याऐवजी भारतीय पाळकाच्या हातून करून घेतला. या घटनेमुळे त्यांचे कुटुंब दुभंगले. लक्ष्मीबाई मुलगा देवदत्त याच्यासह काही वर्षे नातलगांकडे राहिल्या.

श्रद्धा, आचार आणि स्वातंत्र्य

अन्नोदक, सोवळेओवळे आणि सणवार यांबाबत श्रद्धावंताला किती मोकळीक आहे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात प्रेषित पौलाच्या काळापासून चर्चिला गेला आहे. करिंथ आणि रोम येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत पौलाने खाण्यापिण्याच्या बाबतीत मोकळीक मान्य केली, मात्र दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला ठेच लागणार नाही अशी मर्यादाही घातली. टिळकांच्या घरात हा प्रश्न प्रत्यक्ष चुलीपाशी येऊन ठेपला.

पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपला धर्म आणि सोवळे सोडले नव्हते. त्या आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवीत. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. त्या काळी पतीचा धर्म तोच पत्नीचा धर्म समजला जात असल्याने ही भूमिका असामान्य होती. पुढे जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नाही, तो मनुष्यकृत आहे, असा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचारानेच काढला आणि स्पर्शास्पर्शाचे बंधन झुगारले. इ.स. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

स्वतः टिळकांनी भारतीय पोशाख कायम ठेवला आणि मुलांना देवदत्त व तारा अशी देशी नावे दिली. मिशनऱ्यांच्या आर्थिक व प्रशासकीय वर्चस्वामुळे भारतीय ख्रिस्ती समाज परावलंबी होतो, असे त्यांचे मत होते. त्यामुळे मिशनच्या सेवेत असतानाही त्यांचे मिशनऱ्यांशी मतभेद होत राहिले.

कार्य आणि साहित्य

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील धर्मशिक्षण संस्थेत टिळक अध्यापन करीत. इ.स. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. राहुरी येथेही त्यांनी धर्मकार्य केले. इ.स. १९१२ पासून ते ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. कवी बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी राहत असत.

वनवासी फूल, सुशीला आणि अभंगांजली या त्यांच्या प्रमुख रचना आहेत. वारकरी संतांच्या अभंगपरंपरेला त्यांनी ख्रिस्तभक्तीशी जोडले. ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. उपासना संगीत या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते समाविष्ट आहेत. येशूच्या चरित्रावरील ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांच्या हातून अपूर्ण राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

देवाचा दरबार

इ.स. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करले. नियमित वेतनाचा आधार त्यामुळे संपला. सातारा येथे राहून त्यांनी देवाचा दरबार हा बंधुसंघ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. बाप्तिस्म्याची अट शिथिल केल्यामुळे ही कल्पना अनेक मिशनऱ्यांना मान्य झाली नाही. टिळकांच्या निधनानंतर हा संघ टिकला नाही.

निधन आणि वारसा

९ मे, इ.स. १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. भारतीय ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा असतानाही त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या पार्थिवावर दहनसंस्कार करण्यात आला. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात टिळकांचा उतावळा स्वभाव, दानशूरपणा आणि संसाराकडे होणारे दुर्लक्ष यांचे निःसंकोच चित्रण आढळते. हा ग्रंथ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक मानला जातो.