एका दिवसात अयोध्येहून कौंडण्यपूर! नलाने रथाला हडकुळे घोडेच का जोडले?

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. वऱ्हाडात हे गाव सगळ्यांना माहीत आहे ते रुक्मिणीचं माहेर म्हणून. आषाढीला इथून तिची पालखी पंढरपूरला जाते. पण परंपरेने विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच मानतात. म्हणजे रुक्मिणीच्याही आधी हे दमयंतीचं माहेर. आणि तिचा नवरा नल इथे एका संध्याकाळी दुसऱ्याच राजाचा सारथी होऊन आला होता.

नलाचं चरित्र महाभारताच्या वनपर्वात येतं. हंस आणि स्वयंवर सगळ्यांच्या लक्षात राहतात, घोडे मात्र कोणाला आठवत नाहीत.

निषध देशाच्या वीरसेन राजाचा हा मुलगा. देखणा, घोड्यांच्या विद्येत पारंगत आणि फाशांचा शौकीन. दमयंतीने भर स्वयंवरात देवांना बाजूला सारून त्याला माळ घातली. चार देव नलाचंच रूप घेऊन बसले होते. तिने खरा नल ओळखला तो त्याच्या घामावरून, अंगावरच्या धुळीवरून आणि सावलीवरून.

पुढे कली त्याच्या अंगात शिरला. भाऊ पुष्कराबरोबरच्या द्यूतात नल राज्य हरला. दमयंतीने वेळीच वार्ष्णेय सारथ्याबरोबर मुलांना कुंडिनपूरला पाठवलं म्हणून ती तरी वाचली. वनात झोपलेल्या बायकोला टाकून नल निघून गेला. कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचं रूप बदललं आणि तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोडे सांभाळायला राहिला. तोच वार्ष्णेय आता तिथे त्याच्या हाताखाली होता, पण त्यानेही धन्याला ओळखलं नाही.

माहेरी पोचलेल्या दमयंतीला बाहुकाचा संशय आला. तिने ऋतुपर्णाला निरोप धाडला, की उद्या सूर्योदयाला तिचं दुसरं स्वयंवर आहे. अंतर शंभर योजनं. एका दिवसात एवढं अंतर तोडणारा सारथी नलाशिवाय दुसरा कोण असणार, हा तिचा डाव. नलासाठी मात्र बायको कायमची जाण्याची वेळ होती.

त्याने घोडे निवडले तेव्हा ऋतुपर्ण चिडला. सगळे हडकुळे! पण कथेत त्यांचं वर्णन नीट दिलंय: सिंधू देशातले, रुंद नाकपुड्यांचे, मोठ्या जबड्याचे, लांबच्या वाटेला टिकणारे.

रुंद नाकपुड्यांना खरंच महत्त्व आहे. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने घेतो. जोरात धावताना त्याचं शरीर विश्रांतीच्या तुलनेत तीसपटीहूनही जास्त ऑक्सिजन वापरतं. त्यातला थोडा भाग पेशींमध्ये फ्री रॅडिकल्स तयार करतो. हे कण स्नायूंच्या पेशींची आवरणं खराब करतात. त्यांना आवरायला शरीराकडे अँटीऑक्सिडंट्स असतात: ई जीवनसत्त्व, घोड्याच्या यकृतातच तयार होणारं सी जीवनसत्त्व आणि सेलेनियमवर चालणारं एक एन्झाइम. रॅडिकल्स जास्त आणि आवरणारे कमी झाले, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

ई जीवनसत्त्व हिरव्या गवतात भरपूर असतं, पण गवत वाळवून साठवलं की ते झपाट्याने कमी होतं. सेलेनियम किती मिळणार हे जमिनीवर ठरतं. गरज अगदी थोडी, एक किलो कोरड्या चाऱ्यामागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास. मात्र ते फार झालं तर आयाळ झडते, खूर तडकतात. शिवाय थोडे फ्री रॅडिकल्स हवेतच, कारण सरावाने स्नायू कणखर होतात ते त्यांच्याच इशाऱ्याने. म्हणून पावडरींचे डबे रिकामे करून घोडा शर्यत जिंकत नाही.

आज एन्ड्युरन्स शर्यतीत घोडे एका दिवसात १६० किलोमीटर जातात, आणि तिथेही सडपातळ अरबी घोडेच पुढे असतात. प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा थांबवतात. ठरलेल्या मिनिटांत नाडी ६४ च्या आत आली नाही तर घोडा बाद. अयोध्या ते कौंडण्यपूर सरळ रेषेतही ७०० किलोमीटरहून जास्त भरतं. एकाच जोडीने एका दिवसात हे अंतर कथेतच कापलं जाऊ शकतं.

पण कथेतल्या नलानेही वाटेत रथ थांबवला. ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानंफळं नुसत्या नजरेने मोजली. नल खाली उतरला आणि झाड पाडून हिशोब तपासत बसला. राजाला घाई, याला नाही! तिथेच त्याने अश्वविद्येच्या बदल्यात फाशांची विद्या घेतली आणि कली त्याच्या अंगातून निघून बेहड्यात शिरला. त्रिफळ्यातला बेहडा तो हाच.

संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरला. नलाचे जुने घोडे तिथेच होते. चाकांचा आवाज ऐकून ते उल्हसित झाले, धनी ओळखल्यासारखे. दमयंती काही पावलांवर होती, तरी नलाने आधी घोडे सोडले, शास्त्राप्रमाणे त्यांची देखभाल केली, त्यांना शांत केलं आणि मग रथात जाऊन बसला. दौडीनंतरचा हा वेळ आजचे पशुवैद्यही सोडू देत नाहीत. तापलेल्या घोड्याला थंड करावं लागतं, घामातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून द्यावे लागतात. दुर्लक्ष झालं तर स्नायू आखडतात, लघवी काळपट होते.

दमयंतीने त्याची परीक्षा घेतली आणि ओळखलं. महिन्याभराने नलाने फाशांवर राज्य परत जिंकलं आणि पुष्कराला माफही केलं. ऋतुपर्ण अश्वविद्या शिकून, दुसरा सारथी घेऊन अयोध्येला परतला. त्याला किती दिवस लागले, ते मात्र महाभारत सांगत नाही.