कोखर यांचा हिशेब

रुग्ण मेजावरून जिवंत उतरला, एवढ्यावरच शस्त्रक्रियेचे यश मोजावयाचे काय? हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे धैर्य टेओडोर कोखर या स्विस शल्यचिकित्सकाने दाखविले.

१८४१ मध्ये बर्न येथे जन्मलेले कोखर १८७२ मध्ये तेथेच प्राध्यापक झाले. आयोडीनच्या अभावी त्या डोंगराळ मुलखात गलगंड फार होता आणि त्याची शस्त्रक्रिया म्हणजे प्राणाशीच गाठ होती. निर्जंतुक हत्यारे, संथ हात आणि रक्तस्रावावर ताबा यांच्या बळावर कोखर रुग्णांना वाचवू लागले. परंतु तेवढ्यावर समाधान न मानता त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलाविले. संपूर्ण अवटू ग्रंथी काढलेल्या १८ जणांना तपासले, तो त्यांपैकी १६ जणांच्या शरीराला व बुद्धीला मांद्य आलेले! १८८३ मध्ये हे अपयश त्यांनी शल्यचिकित्सकांच्या परिषदेत स्वतः मांडले आणि साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. शतकाअखेरीस त्यांच्या हातून होणारे मृत्यू शंभरात एकाहूनही कमी झाले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१७ मध्ये ते निवर्तले.

व्हिएन्नाच्या बिलरोट यांच्या रुग्णांना मात्र हातापायांचे पेटके येत. रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या परावटू ग्रंथी त्यांच्या झपाट्यात निघून जात आणि कोखर यांच्या संथ हातून नकळत वाचत, अशी मीमांसा पुढे अमेरिकेच्या हालस्टेड यांनी केली.

आता या ग्रंथी प्रकाशाने ओळखता येतात. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या अनिता महादेवन-जॅन्सेन यांच्या अमेरिकेतील गटाने २०११ मध्ये दाखविले की, अवरक्ताजवळच्या प्रकाशात परावटू ग्रंथी कोणत्याही रंगद्रव्याविना अवटूपेक्षा अधिक उजळतात. डोळ्यांना न दिसणारी ही प्रभा कॅमेरा टिपतो. ग्रंथी कोठे आहे हे त्यामुळे कळते. तिचा रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही, हे मात्र निराळ्या रंगद्रव्याने पाहावे लागते.

अशी यंत्रे महाग असतात, हे खरे. पण उमरग्याहून सोलापूरला जाऊन शस्त्रक्रिया करून आलेल्या एखाद्यास जन्मभर कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, तर तो खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. तो त्याच्या घराच्या जमाखर्चात पडतो. हा लपलेला तोटा मांडल्यावाचून यंत्राची किंमत ठरविणे हे अर्थशास्त्र नव्हे. यंत्र येईल तेव्हा येवो. रुग्णाला वर्षभराने परत बोलाविण्यास यंत्र लागत नाही. कोखर यांच्यापाशीही ते नव्हतेच.