कुंड्या घेऊन संसदेत

समजा, तुम्ही चार मित्रमैत्रिणींनी मिळून एक पक्ष काढला आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मतं पडली जेमतेम दीड टक्का. काय कराल? बहुतेक जण गाशा गुंडाळतील. पश्चिम जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचं १९८० मध्ये अगदी हेच झालं होतं. पण तीनच वर्षांनी, मार्च १९८३ मध्ये, याच पक्षाचे खासदार स्वेटर घालून, हातात झाडं घेऊन बॉनच्या संसदेत शिरले. टायवाले जुने खासदार बघतच राहिले. त्या घोळक्यात पस्तीस वर्षांची एक किडकिडीत बाई होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं मशीनगनसारखं. ती पेट्रा केली.

पेट्राचा जन्म १९४७ चा, बव्हेरियातल्या ग्युन्झबुर्ग गावातला. वडील लवकरच घर सोडून गेले आणि तिला वाढवलं आजीने. आईने पुढे अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, म्हणून पेट्रा अमेरिकेत गेली. कॉलेज वॉशिंग्टनमध्ये. १९६८ मध्ये ती रॉबर्ट केनेडींच्या प्रचारात उतरली, म्हणजे तुमच्याच वयाची असताना. गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा प्रभाव तेव्हापासूनचा.

पण तिला खरं हलवलं ते घरातल्या एका मृत्यूने. धाकटी बहीण ग्रेस १९७० मध्ये कॅन्सरने गेली, वय अवघं दहा. उपचारात किरणोत्सर्गाचा मारा झालेला. अणुऊर्जा आणि किरणोत्सर्ग हे विषय पेट्राने त्यानंतर कधीच सोडले नाहीत. ब्रुसेल्सला युरोपीय आयोगात चांगली नोकरी होती. दिवसा नोकरी, सुट्टीच्या दिवशी सभा आणि मोर्चे!

आधी ती सोशल डेमोक्रॅट होती. त्या पक्षाचे चॅन्सेलर श्मिट अणुवीज आणि नवी अमेरिकी क्षेपणास्त्रं या दोन्हींच्या बाजूचे, म्हणून १९७९ मध्ये तिने राजीनामा दिला. पुढच्या जानेवारीत कार्ल्सरुहेला ग्रीन पक्ष रीतसर स्थापन झाला. संसदेत जायला पाच टक्के मतं लागतात. १९८३ मध्ये ५.६ टक्के मिळाली.

आता गंमत बघा. या पक्षाला ‘नेता’ हा प्रकारच नको होता. खासदारांनी दोन वर्षांनी खुर्ची सोडून मागच्याला जागा द्यायची, असा नियम. विचार छानच. पण कॅमेरे सतत पेट्राकडेच वळायचे. सहकारी वैतागायचे. तीही काही सोपी बाई नव्हती. काम वाटून देणं तिला जमत नसे. दोन वर्षं झाली तेव्हा तिने खुर्ची सोडायला चक्क नकार दिला. मला विचाराल तर नियम मोडला हे खरंच, पण ज्या चेहऱ्यावर मतं मिळाली तोच पक्षाला डोईजड व्हावा, हेही विचित्र. दरम्यान ती पूर्व बर्लिनमध्ये आंदोलकांसोबत उभी राहत होती, तिबेटसाठी संसदेत भांडत होती.

१९९० मध्ये सगळा देश एकीकरणात बुडालेला आणि ग्रीन बोलत होते हवामानावर. पश्चिमेकडे पाच टक्क्यांची रेषा हुकली, पेट्राची खासदारकी गेली. पुढच्या वर्षी तिने पक्षाचं प्रवक्तेपद मागितलं, तर पक्षाने तिला सपशेल नाकारलं.

१९ ऑक्टोबर १९९२ ला बॉनच्या घरात तिचा आणि तिचा जोडीदार, माजी जनरल गेर्ट बास्टियन याचा मृतदेह सापडला. ती झोपेत असताना त्याने तिला गोळी घातली आणि मग स्वतःला, असं तपासात निघालं. या मरणाला तिची संमती होती, असा एकही पुरावा नाही. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. जवळजवळ तीन आठवडे कुणाला पत्ताच नव्हता!

सहा वर्षांनी ग्रीन पक्ष केंद्रात सत्तेत आला. त्यांचेच योश्का फिशर परराष्ट्रमंत्री झाले आणि १९९९ मध्ये कोसोव्होच्या युद्धात जर्मन लढाऊ विमानं निघाली, ती याच सरकारच्या संमतीने.