बर्फाबरोबर वाहत गेलेला शास्त्रज्ञ

उत्तर ध्रुवाभोवतीच्या सागरी बर्फाची मोजदाद आज उपग्रह करतात. सव्वाशे वर्षांपूर्वी हेच काम करण्यासाठी नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी आपले जहाज जाणूनबुजून बर्फात अडकवले आणि ते तीन वर्षे बर्फाच्या स्वाधीन केले. त्यांना ध्रुव गाठता आला नाही. मात्र त्या तीन वर्षांच्या नोंदींवर एका नव्या शास्त्राचा पाया घातला गेला.

१८८४ साली ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बर्फाबरोबर काही वस्तू वाहत आल्या. त्या 'जॅनेट' या अमेरिकी जहाजाच्या होत्या. हे जहाज जून १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडले जाऊन बुडाले होते. पृथ्वीच्या माथ्याच्या एका बाजूला बुडालेल्या जहाजाचे सामान तीन वर्षांत दुसऱ्या बाजूला पोहोचले कसे? बर्फच ते घेऊन आला असला पाहिजे, असे अनुमान नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी वृत्तपत्रातील एका लेखात मांडले. तो लेख २३ वर्षांच्या एका तरुणाच्या वाचनात आला आणि त्याच्या मनात एक विचार रुजला. बर्फ जर मोडक्या जहाजाचे अवशेष ध्रुवप्रदेशापलीकडे नेत असेल, तर तो धडधाकट जहाजही नेईल.

प्राणिशास्त्राकडून बर्फाकडे

तो तरुण म्हणजे फ्रित्यॉफ नान्सेन. १० ऑक्टोबर १८६१ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहराजवळ त्यांचा जन्म झाला. स्कीइंगचा छंद त्यांना लहानपणापासून होता. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र निवडले, त्यामागेही उघड्यावर, निसर्गात वावरण्याची ओढ होती. १८८२ मध्ये ते सील माशांच्या शिकारीसाठी निघालेल्या 'व्हायकिंग' जहाजावरून उत्तरेच्या समुद्रात गेले. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ ते जहाज काही आठवडे बर्फात अडकले. खलाशांच्या दृष्टीने ती आपत्ती होती. नान्सेन यांच्यासाठी मात्र ती सागरी बर्फाची पहिली शाळा ठरली.

त्याच वर्षी बर्गेन येथील संग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. सागरी जीवांच्या मज्जासंस्थेवरील प्रबंधाला १८८८ च्या एप्रिलमध्ये डॉक्टरेट मिळाली आणि अवघ्या काही दिवसांत ते ग्रीनलंडकडे निघाले. त्या बेटाच्या अंतर्भागातील हिमपठार तोवर कोणीही आडवे ओलांडले नव्हते. आधीच्या मोहिमा वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि संकट येताच मागे फिरत. नान्सेन यांनी निर्जन पूर्व किनारा निवडला. तिथून परत फिरायला जागाच नव्हती, पुढे जाणे एवढा एकच मार्ग होता. सहा जणांच्या तुकडीने हे पठार पार केले. परतीचे जहाज निघून गेल्यामुळे हिवाळा तिथेच काढावा लागला. त्या काळात स्थानिक इन्युइट लोकांकडून ते कयाक चालवायला आणि थंडीत तग धरायला शिकले. पुढे हेच शिक्षण त्यांचा जीव वाचवणार होते.

बर्फाशी न झगडणारे जहाज

१८९० पासून नान्सेन यांनी आपली योजना जाहीरपणे मांडायला सुरुवात केली. सैबेरियाच्या उत्तरेस जहाज बर्फात नेऊन गोठू द्यायचे आणि प्रवाहाबरोबर ग्रीनलंडच्या दिशेने वाहत जायचे, अशी ती योजना होती. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत अनुभवी दर्यावर्दींनी तिच्यावर शंकांचा भडिमार केला. अमेरिकेचे ध्रुवसंशोधक ॲडॉल्फस ग्रीली यांनी तर तिला आत्मघात ठरवले. बर्फाच्या दाबाखाली लाकडी जहाजाचे काय होते, हे 'जॅनेट'ने दाखवून दिलेच होते.

या आक्षेपाचे उत्तर जहाजबांधणी तज्ज्ञ कॉलिन आर्चर यांनी शोधले. त्यांनी बांधलेल्या 'फ्राम'चा तळ गोलसर होता. बाजूंनी बर्फ आवळू लागला की जहाज चिरडले न जाता अलगद वर उचलले जावे, अशी ती रचना होती. दिव्यांसाठी जहाजावर पवनचक्कीवर चालणारे विद्युतजनित्र होते. 'फ्राम' या नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ 'पुढे'. खर्चाचा मोठा वाटा नॉर्वेच्या संसदेने उचलला. २४ जून १८९३ रोजी नान्सेन यांनी क्रिस्तियानिया सोडले, तेव्हा पत्नी एव्हा आणि काही महिन्यांची मुलगी घरी होती. परत कधी येणार, हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हते.

सप्टेंबरच्या अखेरीस 'फ्राम' बर्फात घट्ट रुतले. जहाजावर १३ माणसे होती. पहिले काही आठवडे बर्फाने त्यांना उलट दिशेलाच नेले. नंतर जहाज उत्तरेकडे सरकू लागले, पण वाकडेतिकडे, कधी पुढे तर कधी मागे. बर्फाच्या कड्या एकमेकांवर आदळून गडगडाट होई, जहाज करकरत वर उचलले जाई आणि पुन्हा स्थिरावे. आर्चर यांची रचना कसोटीला उतरली होती.

नोंदवहीतला समुद्र

जहाजावरचा दिनक्रम मात्र अगदीच साधा होता. तापमान, हवेचा दाब आणि वारा यांच्या नोंदी दिवसातून अनेकदा घेतल्या जात. ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान ठरवले जाई, बर्फाची जाडी मोजली जाई. ध्रुवाजवळचा समुद्र उथळ असावा, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून खोली मोजण्याची दोरी बेताचीच घेतली होती. ती तळाला पोहोचेना, तेव्हा खलाशांनी जहाजावरचा पोलादी दोर उलगडून त्याच्या पेडांपासून लांब दोरी तयार केली. खोली तीन हजार मीटरहून अधिक भरली. ध्रुवप्रदेशात बर्फाखाली खोल महासागर असल्याचे त्यातून सिद्ध झाले. वरच्या थंड पाण्याखाली अटलांटिक महासागरातून आलेल्या उबदार पाण्याचा थर असल्याचेही आढळले.

सर्वांत महत्त्वाची नोंद बर्फाच्या वाटचालीची होती. बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे २ टक्के वेगाने सरकतो, पण थेट वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे वळतो, असे नान्सेन यांच्या लक्षात आले. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा कयास होता. पुढे तरुण स्वीडिश संशोधक व्हॅग्न वॉलफ्रिड एकमन यांनी तो गणिताने मांडला. सागरी प्रवाहांच्या अभ्यासात आजही एकमन यांचा सिद्धांत शिकवला जातो. त्याचा उगम बर्फात अडकलेल्या या जहाजावरच्या नोंदवहीत आहे.

ध्रुवाची ओढ

जहाज ध्रुवावरून जाणार नाही, हे १८९४ च्या अखेरीस नान्सेन यांना कळून चुकले. १४ मार्च १८९५ रोजी त्यांनी ह्यालमार योहान्सेन यांच्यासह जहाज सोडले. बरोबर २८ कुत्री, तीन घसरगाड्या आणि दोन कयाक होत्या. एकदा निघाल्यावर सतत सरकणारे जहाज पुन्हा सापडण्याची शक्यता नव्हती. बर्फाच्या उंचवट्यांतून वाट काढताना दिवसभराच्या चालीच्या मानाने अंतर फारच कमी कापले जात होते. पायाखालचा बर्फच आपल्याला दक्षिणेकडे नेत असावा, अशी शंका नान्सेन यांच्या मनात येऊ लागली. ज्या सरकत्या बर्फावर त्यांची सारी योजना उभी होती, तोच आता आडवा आला होता. ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशावर ते मागे फिरले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीही पोहोचले नव्हते.

परतीची वाट अधिक बिकट होती. दोघांचीही घड्याळे बंद पडली आणि आपण नेमके कुठे आहोत, हे कळेनासे झाले. एकेक करून कुत्री मारावी लागली. फ्रान्झ जोसेफ लँड द्वीपसमूहात दगडांच्या झोपडीत, अस्वल आणि वॉलरस यांच्या मांसावर त्यांनी हिवाळा काढला. जून १८९६ मध्ये ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक जॅक्सन यांच्याशी योगायोगाने गाठ पडली आणि त्यांची सुटका झाली. १३ ऑगस्ट १८९६ रोजी नान्सेन नॉर्वेच्या वार्डो बंदरात उतरले. नेमक्या त्याच दिवशी ओट्टो स्वेर्द्रुप यांच्या नेतृत्वाखालील 'फ्राम' स्पिट्सबर्गनजवळ बर्फातून मोकळे झाले. जहाजावरची सर्व माणसे सुखरूप होती. नान्सेन गेल्यानंतरही स्वेर्द्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदींत खंड पडू दिला नव्हता.

निर्वासितांचा आधार

या मोहिमेनंतर प्राणिशास्त्रज्ञ नान्सेन समुद्रशास्त्राचे प्राध्यापक झाले. नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा लंडनमधील पहिला राजदूत म्हणून त्यांचीच निवड झाली. १९०७ मध्ये एव्हा यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. चार लाखांहून अधिक कैदी घरी परतले. देश गमावलेल्या निर्वासितांसाठी १९२२ मध्ये सुरू झालेले ओळखपत्र 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बर्फ मात्र त्यांच्या मनातून गेला नव्हता. जहाजावरून दिसणारा बर्फ क्षितिजापुरताच असतो, हे त्यांनी अनुभवले होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या 'एरोआर्क्टिक' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे ते अध्यक्ष झाले. हवाई जहाजातून ध्रुवप्रदेशाचे सर्वेक्षण करणे हा तिचा उद्देश होता. 'ग्राफ झेपेलिन' या विशाल हवाई जहाजातून उड्डाणाची तयारी सुरू असतानाच १३ मे १९३० रोजी नान्सेन यांचे निधन झाले. ते उड्डाण जुलै १९३१ मध्ये त्यांच्याविना पार पडले.

आकाशातील पहारेकरी

त्यांची ही इच्छा खऱ्या अर्थाने उपग्रहांनी पूर्ण केली. समुद्राचे पाणी आणि सागरी बर्फ यांतून निसर्गतःच सूक्ष्मलहरी बाहेर पडतात. पाण्यापेक्षा बर्फातून त्या अधिक पडतात. या लहरी टिपणाऱ्या उपकरणाला ढगांचा किंवा अनेक महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीचा अडथळा होत नाही. डिसेंबर १९७२ मध्ये सोडलेल्या 'निंबस-५' या अमेरिकी उपग्रहाने ही सुरुवात केली. ऑक्टोबर १९७८ मधील 'निंबस-७' पासून ही नोंदमाला सलग चालू आहे. लागोपाठच्या प्रतिमा जुळवून बर्फ कुठे सरकला, हेही समजते.

या नोंदींनी जे दाखवले, ते चिंताजनक आहे. उन्हाळ्याअखेर उरणारा बर्फ १९७९ मध्ये सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांपर्यंत घसरला. बर्गेनमध्ये १९८६ साली नान्सेन यांच्या नावाने स्थापन झालेल्या दूरसंवेदन केंद्रातील संशोधकांनी १९९९ मध्ये आणखी एक बाब पुढे आणली. अनेक उन्हाळे टिकलेला जुना, जाड बर्फ २० वर्षांत सुमारे १४ टक्क्यांनी घटला होता. 'फ्राम'ला ज्याने वाहून नेले, तोच हा जुना बर्फ.

भारतही या अभ्यासात मागे नाही. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र जुलै २००८ मध्ये सुरू झाले. ज्या स्पिट्सबर्गनजवळ 'फ्राम' बर्फातून सुटले, त्याच बेटावर ते उभे आहे.

उपग्रहालाही मर्यादा आहेतच. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली तळी त्याला खुल्या समुद्रासारखी भासतात. म्हणूनच २०१९-२० मध्ये 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज नान्सेन यांच्याच पद्धतीने बर्फात गोठवण्यात आले आणि वरून दिसणारा बर्फ खाली उतरून तपासला गेला. सलग नोंद टिकवणेही सोपे नाही. २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या हवामान उपग्रहांवरील माहिती बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा संशोधकांना घाईने जपानी उपग्रहाचा आधार शोधावा लागला.

नान्सेन यांनी त्या मोहिमेत दोन गोष्टी केल्या. ध्रुवाकडे धाव घेतली आणि रोजच्या नोंदींची शिस्त घालून दिली. ८६ अंश १४ मिनिटांचा विक्रम पाच वर्षांत, १९०० मध्ये, एका इटालियन मोहिमेने मोडला. 'फ्राम'च्या नोंदींचे मोल मात्र कमी झाले नाही. उपग्रहांपूर्वी ध्रुवसागरातला बर्फ कसा होता, हे जाणून घ्यायचे असेल, तर आजच्या शास्त्रज्ञांनाही त्याच वह्या उघडाव्या लागतात.